कमलाबाई सोहोनी आणि ताटातले विज्ञान

जालना जिल्ह्यातील अंबड हे मत्स्योदरी देवीच्या टेकडीमुळे साऱ्या मराठवाड्यात ओळखले जाणारे तालुक्याचे गाव. भोवतालचा मुलूख कापूस, तूर, मूग, बाजरी आणि हरभरा पिकवणारा. पावसाने पाठ फिरवली की पाण्याच्या टँकरची वाट पाहणारा. अशा तालुक्याच्या गावांतील औषधांच्या दुकानांपर्यंतही आता केस, नखे आणि त्वचा यांच्यासाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या पोहोचल्या आहेत. पगाराच्या दिवशी गोळ्यांची बाटली घेणाऱ्यांत शिक्षक असतात, कारकून असतात, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाने केस गळू लागले अशी समजूत झालेले विद्यार्थीही असतात. बाटलीवर पाच हजार किंवा दहा हजार मायक्रोग्रॅम असा ठसठशीत आकडा छापलेला असतो. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. प्रौढ माणसाला बायोटिन दररोज सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरते. म्हणजे दहा हजारांची एक गोळी ही जवळजवळ अकरा महिन्यांच्या गरजेइतकी झाली, आणि ती रोज एक घ्यावयाची असते.

हा आकडा वाचून ज्यांनी प्रथम हिशेब मागितला असता आणि त्यानंतर ग्राहकाच्या ताटात काय आहे याची चौकशी केली असती, अशी एक मराठी विदुषी होऊन गेली. तिचे नाव डॉ. कमला सोहोनी. बायोटिन हा काही कमलाबाईंच्या कीर्तीचा विषय नव्हे. परंतु अन्नात पोषक द्रव्य असणे ही एक गोष्ट आणि ते शरीराच्या हाती लागणे ही दुसरी गोष्ट, हा जो भेद बायोटिनच्या शोधाच्या मुळाशी आहे, त्याच भेदाचा अभ्यास त्यांनी आपल्या कडधान्यांच्या बाबतीत केला. म्हणून बायोटिनची कथा मराठी वाचकाला सांगावयाची तर ती त्यांच्या चरित्राच्या आधारानेच सांगणे उचित ठरेल.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरला भागवतांच्या घरात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीतील विद्यार्थी. थोरली बहीण दुर्गा पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासक व लेखिका म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या आणि आणीबाणीच्या काळात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानावरून सत्तेसमोर निर्भयपणे उभ्या राहिल्या. त्याच दुर्गाबाईंनी पाककृतींवर खमंग हे पुस्तकही लिहिले. एका बहिणीने स्वयंपाकघराला साहित्यात मान दिला, दुसरीने प्रयोगशाळेत. आणि ताठ कणा हा दोघींचा समाईक वारसा होता.

त्या कण्याची परीक्षा लवकरच झाली. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवून कमलाबाईंनी बंगळूरच्या त्याच संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक तेव्हा नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन होते. स्त्रियांची संशोधनास पात्रता नाही, एवढ्याच कारणावरून त्यांनी अर्ज नाकारला. गुणवत्ता यादीत पहिले आलेल्या विद्यार्थिनीला हे उत्तर पटण्यासारखे नव्हते. ती बंगळूरला गेली आणि प्रवेश मिळेपर्यंत संचालकांच्या दारात सत्याग्रह करण्याचा निर्धार तिने केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनीचा दर्जा नाही; मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंतही काम करावयाचे; आणि तिच्या वावराने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. या अटी मान्य करताना झालेला अपमान कमलाबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत. त्यांनी अटी मात्र पाळल्या, आणि वर्षभराने रामन यांना आपले मत बदलावे लागले. त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. एखाद्या थोर शास्त्रज्ञाचाही पूर्वग्रह शास्त्रीय नसतो, आणि तो मोडण्याचा मार्ग पुरावा हाच असतो, हा धडा त्या एका वर्षाने घालून दिला.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला त्यांनी निवडलेला विषय लक्षात घेण्याजोगा आहे. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिने हा तो विषय. जो देश बव्हंशी डाळीवर आपली प्रथिनांची भूक भागवतो, त्या देशाच्या विद्यार्थिनीने डाळीचाच अभ्यास करावा यात स्वाभाविकता होती. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली आणि पुढच्याच वर्षी त्या केंब्रिजला गेल्या.

जीवनसत्त्वांच्या इतिहासातील तो सुवर्णकाळ होता. केंब्रिजच्या ज्या प्रयोगशाळेत कमलाबाई दाखल झाल्या, तिचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांना जीवनसत्त्वांवरील कामासाठीच १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. बायोटिनचे कोडेही याच सुमारास सुटत होते. त्याची सुरुवात मोठी विचित्र झाली. १९२७ साली लंडनमध्ये मार्गारेट बोआस या संशोधिकेला असे आढळले की, उंदरांना प्रथिन म्हणून अंड्याचा कच्चा पांढरा बलक भरपूर दिला तर त्यांचे केस झडतात, कातडीवर पुरळ येते आणि हालचाली बिघडतात. अन्न पोटभर, तरीही प्राणी कुपोषित. यकृतासारखे पदार्थ खाऊ घातले की हा विकार बरा होई. पॉल ग्यॉर्गी यांनी या बरे करणाऱ्या द्रव्याला, जर्मन भाषेतील केस आणि त्वचा या अर्थाच्या शब्दांवरून, एच जीवनसत्त्व असे नाव दिले. १९३६ साली क्योग्ल आणि ट्योनिस यांनी अंड्याच्या पिवळ्या बलकातून बायोटिन नावाचे द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. १९४० साली ही दोन्ही एकच असल्याचे सिद्ध झाले, आणि १९४२ साली द्यू व्हिन्यो यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली.

मग कच्च्या पांढऱ्या बलकात असे काय होते? त्यात अ‍ॅव्हिडिन नावाचे प्रथिन असते. ते बायोटिनला इतके घट्ट धरून ठेवते की आतड्याला ते शोषून घेता येत नाही. अंडे शिजवले की उष्णतेने अ‍ॅव्हिडिनची घडी मोडते, पकड सुटते आणि बायोटिन मोकळे होते. म्हणजे विकाराचे मूळ अन्नाच्या अभावात नव्हते, ते अन्न कच्चे खाण्यात होते. चुलीवरच्या उकळत्या पाण्याने जे साधले, ते नुसत्या भरल्या ताटाने साधले नव्हते.

केंब्रिजला कमलाबाईंनी बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या द्रव्याचा शोध लावला. पेशीच्या श्वसनक्रियेत ते महत्त्वाचे काम करते. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता आणि त्याला लागलेला अवधी सुमारे चौदा महिन्यांचा. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात हा बहुमान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. पाश्चात्त्य देशांत राहून नाव कमावण्याची संधी असतानाही त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या.

दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाची धुरा त्यांनी काही काळ सांभाळली. तेथून त्या निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या आणि जीवनसत्त्वांच्या परिणामांवर त्यांनी काम केले. हीच प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलवण्यात आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी कालखंड येथून सुरू झाला.

मुंबईत कमलाबाईंनी पुन्हा कडधान्य हाती घेतले. कडधान्यांत प्रथिने विपुल, पण कच्च्या दाण्यांत ट्रिप्सिनरोधक नावाची द्रव्ये असतात. प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यातील विकर. त्यालाच ही द्रव्ये निकामी करतात. परिणाम असा की, प्रथिने पोटात जातात खरी, परंतु अंगी लागत नाहीत. कमलाबाई आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील अशा रोधकांचा पद्धतशीर शोध घेतला. १९५५ साली नेचर या जगन्मान्य नियतकालिकात त्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला; वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांतून ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याचे वृत्त त्यात होते. कोकणात ज्या वालाचे बिरडे घरोघर होते, तो वाल अशा रीतीने जगाच्या विज्ञानात जाऊन बसला.

अंड्यातील अ‍ॅव्हिडिन आणि वालातील ट्रिप्सिनरोधक यांचे रसायन वेगळे, परंतु दोहोंचा बोध एकच. दोन्ही प्रथिने आहेत, दोन्ही आपल्या तोंडचा घास हिरावून घेतात, आणि दोहोंवर उपाय तोच, म्हणजे योग्य रीतीने शिजवणे. वाल रात्री भिजत घालणे, फडक्यात बांधून मोड आणणे, सोलणे आणि मग मऊ शिजवणे हा क्रम आपल्या घरांतील स्त्रियांनी कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी बसवला होता. चांगले शिजवल्याने रोधक बव्हंशी नष्ट होतो आणि मोड आल्याने दाण्याचे पोषणमूल्य वाढते, याची शहानिशा विज्ञानाने नंतर केली. परंपरेची कसोटी घ्यावी, टिकेल ते आदराने स्वीकारावे आणि न टिकेल ते सोडून द्यावे, अशी ही दृष्टी होती.

नीरेवरचे त्यांचे काम याच दृष्टीतून झाले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडाच्या नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह आहे, आणि ताडगुळातही पोषक द्रव्ये शिल्लक राहतात, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. आदिवासी भागांतील कुपोषित मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्याने प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाची प्रत राखण्याबाबत सल्ला दिला. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र अंतर्गत राजकारणापायी त्यांना उशिरा मिळाले. बंगळूरच्या दारात सुरू झालेली लढाई मुंबईच्या कार्यालयातही संपली नव्हती. ते मिळाल्यावर त्यांनी ते निष्ठेने भूषवले.

१९६६ साली मुंबईत काही जागरूक स्त्रियांनी भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्था स्थापन केली. कमलाबाई तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष झाल्या आणि संस्थेच्या कीमत या नियतकालिकातून ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत राहिल्या. केंब्रिजची पदवी असलेल्या शास्त्रज्ञाने तेलातील भेसळ आणि वेष्टनावरील मजकूर यांकडे लक्ष द्यावे यात काहींना कमीपणा वाटला असेल. कमलाबाईंना तो वाटला नाही. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्या सत्काराचा समारंभ योजला होता. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांची प्राणज्योत मालवली.

आता ती गोळ्यांची बाटली या चरित्राच्या उजेडात पाहावी. बायोटिन शरीराला आवश्यक आहे याविषयी वाद नाही. स्निग्ध पदार्थ तयार करणे, साखर घडवणे आणि प्रथिनांच्या काही घटकांचे विघटन करणे या कामांतील विकरांना त्याची जोड लागते. त्याची खरीखुरी उणीव झाली तर केस गळतात, डोळे, नाक आणि तोंडाभोवती लाल खवलेदार पुरळ येते. परंतु अशी उणीव विरळ आहे. बायोटिनिडेज हे विकर जन्मतःच कमी असणारी बालके, अपस्माराची काही औषधे वर्षानुवर्षे घेणारे रुग्ण, दीर्घकाळ केवळ शिरेवाटे पोषण मिळालेले रुग्ण आणि कच्च्या अंड्याच्या नादी लागलेले लोक यांत ती प्रामुख्याने दिसते. त्या बालकांना तर बायोटिन हे जीवनदानच ठरते. वेळीच सुरू केले आणि आयुष्यभर घेतले तर ती निरोगी जगू शकतात. ही गोळीची खरी थोरवी आहे. निरोगी माणसाचे केस तिने दाट होतात याला मात्र भक्कम पुरावा नाही. केस गळण्यामागे बहुधा रक्तातील लोहाची उणीव, थायरॉइडचा बिघाड, नुकताच येऊन गेलेला ताप, बाळंतपण, प्रथिनांची कमतरता किंवा आनुवंशिकता असते. कारण न शोधता गोळी घेणे म्हणजे गळक्या कौलाखाली भांडे ठेवून छप्पर दुरुस्त झाले असे मानणे होय.

शिवाय अतिरेकाचा एक धोका सहसा सांगितला जात नाही. रक्ताच्या पुष्कळ तपासण्यांत बायोटिन आणि अ‍ॅव्हिडिनसारखेच एक प्रथिन यांच्या त्याच घट्ट पकडीचा उपयोग केलेला असतो. रक्तात बायोटिन वाजवीपेक्षा फार वाढले की तपासणी फसते. थायरॉइड ठीक असूनही बिघडल्याचे दिसू शकते. हृदयविकाराच्या झटक्याची खूण असलेले ट्रोपोनिन प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवले जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये याविषयी इशारा दिला, आणि चुकीच्या ट्रोपोनिन तपासणीनंतर एक रुग्ण दगावल्याची नोंदही केली. केसांसाठी घेतलेली गोळी अशी छातीच्या दुखण्यात आडवी येऊ शकते. म्हणून रक्त तपासणीपूर्वी डॉक्टरांना या गोळीची कल्पना देणे, हे कोणत्याही गोळीइतकेच आरोग्याचे काम आहे.

बायोटिन मिळते कोठून, याचे उत्तर साधे आहे. अंड्याचा पिवळा बलक, यकृत, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, रताळी आणि डाळी यांत ते असते. शिजवलेल्या एका अंड्यात सुमारे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रौढाच्या दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा मिळतो. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलाला दिवसाला २० मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणजे त्याची निम्मी गरज भागते. त्याच अंड्याबरोबर उत्तम प्रतीचे प्रथिनही मिळते, आणि ते कोणत्याही गोळीत नसते.

येथे प्रश्न वैयक्तिक उरत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवण्यात आला आणि अंडे द्यावयाचेच असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून सोय करावी, असे ठरले. अंबडसारख्या कोरडवाहू तालुक्यात लोकवर्गणी मागावयाची कोणाकडे, याचा विचार त्या निर्णयात दिसला नाही. एकीकडे ज्यांचे ताट आधीच भरलेले आहे ते तीनशेपट बायोटिन विकत घेतात, आणि दुसरीकडे ज्या मुलाला एका अंड्याने अर्धी गरज भागवता आली असती त्याचे ताट हिशेबाच्या वहीत कापले जाते. पोषणाचे शास्त्र एवढे पुढे जाऊनही त्याचा लाभ अशा रीतीने उलटा वाटला जावा, ही खेदाची गोष्ट आहे.

शाळेतील आहाराची चव घेऊन नोंद करणारे शिक्षक, त्या नोंदी पुढे पाठवणारे कारकून आणि उद्या हीच पदे सांभाळणारे विद्यार्थी यांना कमलाबाईंचे चरित्र म्हणूनच जवळचे वाटावयास हवे. मटकीला मोड आले आहेत का, डाळ पुरती शिजली आहे का, अंडे ताटात आले की नुसते कागदावर आले, हे विचारण्यासाठी केंब्रिजची पदवी लागत नाही. रामन यांच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या विद्यार्थिनीजवळ जो आग्रह होता, तो मात्र लागतो.